पालेंकेला जायचंय? मग आधी कार्ताहेनात एक सकाळ काढा

कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात मी दुभाषीचं काम करते. पुण्या-नाशकाहून कुणी पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो, "ते गुलामांनी वसवलेलं गाव इथून जवळच आहे ना?" आहे. सान बासिलिओ दे पालेंके, साधारण पन्नास किलोमीटर. पण तिकडे जायचं कसं हे बहुतेकांना उलट्या टोकाने सांगितलं जातं. टूरची गाडी पकडा, ढोल ऐका, फोटो काढा, संध्याकाळी परत. मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं आणि काहीही न कळता परत आले होते.

सुरुवात शहरातून करा. घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत शिरलात की समोर प्लासा दे लोस कोचेस हा त्रिकोणी चौक लागतो. आज तिथे कमानींखाली मिठाईची दुकानं आहेत. जहाजातून उतरवलेली आफ्रिकन माणसं विकली जायची ती इथेच. तिथून चालत सान पेद्रो क्लावेरच्या चर्चमध्ये जा. हा जेझुइट पाद्री जहाज लागलं की पाणी, फळं, औषधं घेऊन जहाजाच्या तळाशी उतरायचा आणि स्वतःला 'गुलामांचा गुलाम' म्हणवायचा. १६५४ साली तो वारला. त्याच्यासोबत आफ्रिकन भाषा बोलणारे दुभाषी असत आणि तेही गुलामच. माझ्या पेशाची ती माणसं त्याच्यासारखी संत झाली नाहीत, म्हणून मी तिथे गेले की थोडा वेळ त्यांच्यासाठी बसते.

आता त्याच शहरातून पळालेला माणूस. बेंकोस बिओहो १५९९ च्या सुमारास बायकोमुलांसह आणि काही साथीदारांसह दलदलीत पळाला. माग काढणाऱ्यांना पुरून उरला आणि त्याने ला मातुना नावाचं पालेंके, म्हणजे लाकडी कुंपणाचं ठाणं, उभारलं. स्पॅनिश गव्हर्नरला त्याच्याशी तह करावा लागला. स्पॅनिश सरदारासारखे कपडे घालून, कमरेला हत्यार लावून तो शहरात फिरायचा. पुढे दगाफटका झाला आणि मार्च १६२१ मध्ये त्याला फाशी दिली गेली. मराठी पाहुण्यांना मी इथे एक गोष्ट आवर्जून आठवून देते. त्या वर्षी आपल्याकडे निजामशाहीचा कारभार मलिक अंबर चालवत होता. तोही आफ्रिकेत जन्मलेला आणि बाजारात विकला गेलेला. आफ्रिकेतून माणसं दोन्ही दिशांना नेली जात होती. एकाने खडकी (आजचं औरंगाबाद, म्हणजे छत्रपती संभाजीनगर) वसवली, दुसरा फासावर गेला.

गावात पोचलात की चौकात बेंकोसचा पुतळा दिसेल, तुटलेल्या साखळ्या आणि वर उगारलेला हात. वाटाडे सांगतात की गाव त्यानेच वसवलं. मान डोलवा, वाद घालू नका, पण मनाशी एवढं ठेवा की कागदोपत्री आजच्या गावाची ओळख जवळपास शंभर वर्षांनंतरची आहे. १७१३-१४ च्या सुमारास बिशपच्या मध्यस्थीने समझोता झाला आणि गावाला आपला कारभार आपण करायची मोकळीक मिळाली. 'अमेरिका खंडातलं पहिलं मुक्त गाव' ही पाटीही जरा सबुरीने वाचा. मेक्सिकोत बेराक्रूसकडचं यांगा हे गावही तेच सांगतं. कोलंबियात गुलामगिरी कायद्याने बंद व्हायला १८५१ उजाडलं, म्हणजे पालेंकेकर बाकीच्यांपेक्षा सव्वाशेहून जास्त वर्षं आधी सुटले होते. माझ्या लेखी एवढा अभिमान पुरेसा आहे.

जायचं कसं? पॅकेज घेऊ नका. शहराच्या बसस्थानकावरून दक्षिणेकडची बस धरा. तुर्बाको, आर्होना, सिन्सेरीन, मलागाना अशी गावं मागे पडली की फाटा येतो. कंडक्टरला "पालेंके" एवढंच सांगून ठेवा. फाट्यावर मोटारसायकलवाले उभे असतात, मागे बसायचं. रोख पैसे, पाणी आणि टोपी बरोबर हवीच. शक्यतो डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत जा. ऑक्टोबरात ढोलांचा महोत्सव असतो, मजा येते, पण तेव्हा गाव पाहुण्यांसाठी नटलेलं असतं.

वाटेतलं सिन्सेरीन झोपेत घालवू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या साखर कारखान्यात क्यूबाचे कामगार आले, त्यांच्याकडून पालेंकेच्या लोकांनी सोन संगीत उचललं आणि आपलं केलं. गावात अजून मारिम्बुला वाजते. पेटीला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, वादक पेटीवर बसतो आणि पायांच्या मधे हात घालून पट्ट्या छेडतो. त्या सुराला 'थेट आफ्रिकेचा' म्हणू नका. तो क्यूबामार्गे, उसाच्या मळ्यातून आलाय.

खरी गोष्ट आहे गावची भाषा. शब्द बरेचसे स्पॅनिश, पण ठेवण वेगळी, आणि मधेमधे किकोंगो या आफ्रिकन भाषेचे शब्द. 'मोना' म्हणजे मूल, 'ङ्गोम्बे' म्हणजे गुरं. अनेकवचनाला आधी 'मा' लावायचं, मुलं म्हणजे 'मा मोना'. आणि नकार येतो शेवटी! 'इ ता कुमे' म्हणजे मी खातोय, 'इ ता कुमे नु' म्हणजे खात नाहीये. इंग्रजीतून स्पॅनिश शिकलेले इथे अडखळतात, आपल्याला तो 'नाही' शेवटी असणं घरचंच वाटतं.

म्हाताऱ्या माणसांना मात्र लगेच "बोलून दाखवा" म्हणू नका. शहरात कामाला गेलेल्यांची या बोलीवरून इतकी टिंगल व्हायची की आईबापांनी मुलांशी ती बोलणं सोडलं होतं. माझी आजी घरात अहिराणी बोलायची आणि दारात पाहुणा आला की गप्प व्हायची. तोच प्रकार. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शाळेत ही भाषा शिकवायला लागले, १९९१ च्या संविधानाने आणि १९९३ च्या सत्तर नंबरच्या कायद्याने कृष्णवर्णीय समाजांची ओळख आणि सामूहिक जमीन मान्य केली. २००५ मध्ये युनेस्कोने गावाच्या सांस्कृतिक परंपरेला मान दिला. जनगणनेत आता 'पालेंकेरो' असा वेगळा पर्याय असतो. म्हणून सरसकट "तुम्ही आफ्रिकन" म्हणू नका. कुणी स्वतःला आफ्रो म्हणवतं, कुणी नेग्रो, कुणी फक्त पालेंकेरो. आधी विचारा, मग तोच शब्द वापरा.

वेण्यांमध्ये पळायच्या वाटांचे नकाशे गुंफायचे, ही कथा तुम्हाला हमखास ऐकवतील. मौखिक परंपरा म्हणून ऐका, त्या काळचा पुरावा मागत बसू नका. कुणाच्या घरी मयत झालेलं असेल तर मात्र कॅमेरा पिशवीतच ठेवा. नऊ रात्री लुम्बालू चालतं, ढोल आणि गाणं. त्या घराचा खर्च आणि राबणं उचलतो तो 'कुआग्रो', लहानपणी एकत्र आलेला आणि मरेपर्यंत टिकणारा समवयस्कांचा गट.

गावच्या वीजेबद्दल विचारलंत तर सगळेच बोलायला लागतात. 'किड पाम्बेले' म्हणजे अंतोनियो सेर्वान्तेस, याच गावचा मुष्टियोद्धा, १९७२ मध्ये जगज्जेता झाला, कोलंबियाचा पहिलाच. त्याच्यामुळे गावात वीज आली असं घरोघरी सांगतात.

शहरात परतल्यावर डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या, पिवळ्या-निळ्या-लाल झग्यातल्या पालेंकेरा दिसतील. फुकट फोटो काढू नका, मी काढला होता आणि भर चौकात बोलणी खाल्ली होती. बरोबरच होतं, तो तिचा धंदा आहे. तिच्याकडून 'अलेग्रिया' घ्या. भरड धान्याच्या लाह्या, ओलं खोबरं, उसाचा गूळ आणि बडीशेपेसारख्या वासाची आनीस. दाबून चेंडू वळलेला असतो. पहिला घास घेताच संक्रांतीची आठवण होईल, फक्त इथे तिळाच्या जागी लाह्या.

आणि ते नकाराचं व्याकरण पाठ करूनच जा. गेल्या खेपेला एका आजींकडे जेवताना पोट भरलं म्हणून मी ऐटीत "इ ता कुमे" म्हणाले आणि शेवटचा 'नु' विसरले. आजींनी खोबऱ्याच्या भाताचा आणखी एक डाव वाढला, वर मासा ठेवला, आणि समोर बसून मी संपवेपर्यंत बघत राहिल्या.