विलीनीकरणात तुमची कोणती तारीख धरणार?

नव्या वैमानिकांना लायसन्स, टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवण्याची पात्रता), सिम चेक (सिम्युलेटरवरची परीक्षा) यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. ज्येष्ठता यादीबद्दल, म्हणजे कंपनीतल्या वैमानिकांच्या क्रमाबद्दल, कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. कमांड (कॅप्टनपद) कधी, मोठं विमान कधी, मुंबईचा बेस मिळणार की नाही, हे बरंचसं तिच्यावर ठरतं. दोन कंपन्या एक झाल्या की ती नव्याने लागते.

तिथे खरं भांडण तारखेचं. नेमणूकपत्राची, ट्रेनिंगला हजर झाल्याची, की लाइन रिलीजची, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या उड्डाणांसाठी मोकळं केल्याची? आमच्या बॅचला सिम्युलेटरचे स्लॉट मिळेनात, रिलीज लांबला. समोरच्या कंपनीतली मुलं आमच्यानंतर लागली, पण आधी रिलीज झाली. यादी रिलीजच्या तारखेने लागली आणि ती सगळी आमच्या वर गेली. अजून खुपतं. म्हणून नेमणूकपत्र, हजेरीचा कागद, ट्रेनिंग का थांबलं ती मेल, सगळं स्वतःकडे ठेवा. कंपनीच्या मेलबॉक्समध्ये नाही, तो कधीही बंद होतो. पुन्हा सांगतो, उशीर कंपनीमुळे झाला हे दाखवणारा कागद सगळ्यात मोलाचा.

नुसती नोकरीची वर्षं धरतील असंही समजू नका. अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट 2005 मध्ये एक झाल्या. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी 2007 मध्ये दिलेल्या यादीत यूएस एअरवेजमध्ये सुमारे 17 वर्षं नोकरी झालेला वैमानिक अमेरिका वेस्टमध्ये नुकत्याच लागलेल्याच्या शेजारी आला. यूएस एअरवेजवाल्यांनी बहुमताच्या जोरावर 2008 मध्ये जुनी युनियन हटवून नवी आणली. ती यादी कधी लागूच झाली नाही.

आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या. नव्या बोइंग 787 विमानाचं ट्रेनिंग कोणत्या बाजूच्या वैमानिकांना द्यायचं यावरून 2012 मध्ये इंडियन पायलट्स गिल्डचा, म्हणजे मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांच्या संघटनेचा, संप 58 दिवस चालला. गिल्डची मान्यताही गेली.

सिनियर कॅप्टनकडून उडणं जरूर शिका, यादीबद्दल मात्र त्यांचा सल्ला घेऊ नका. त्यांचं हित वेगळं असतं. ‘साहेबांशी बोलून ठेवतो’ म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा.

घाबरू नका. वरचे लोक 65 व्या वर्षी निवृत्त होतात, नवी विमानं येतात, नंबर सरकतो. पण कच्ची यादी लागली की हरकतीची मुदत त्याच दिवशी बघा, हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि एक प्रत युनियनकडे द्या.