मूल लहान आणि हातात सुई? या चुका टाळा

अकरा ओळी उसवल्या होत्या. मी दूध उतू जातंय म्हणून आत धावले, ओटा पुसला, आणि बाहेर येऊन बघते तर आमची अडीच वर्षांची बाई लोकरीचं टोक धरून हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये फेऱ्या मारत होती. मागे निळ्या धाग्याची लांबलचक शेपटी. दुपट्याचा पाव भाग तिने चालता चालता मोकळा केला होता. मी ओरडले. ती दचकली, मग तो गुंतवळ माझ्यापुढे धरून म्हणाली, "घे, परत कर."

तिचं काय चुकलं? ओढला की सुटणारा फास मी तसाच उघडा टाकून गेले होते.

मूल झाल्यावर छंदाला वेळ मिळत नाही, असं आपण सगळ्याच म्हणतो. मीही म्हणायचे. खरं तर वेळ असतो, पण सात मिनिटं, बारा मिनिटं, कुकरच्या तीन शिट्ट्या, अशा तुकड्यांत. आणि त्यातला कुठला तुकडा कधी संपेल ते आपल्या हातात नसतं. त्यामुळे काम सुरू कधी करायचं यापेक्षा ते मध्येच खाली कसं ठेवायचं, हे आधी बघावं लागतं. माझ्या बहुतेक चुका तिथेच झाल्या.

पूर्वीचाच छंद जसाच्या तसा पुढे रेटणं

मला रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रवाच्या वस्तू करायचं, वेड होतं. कोस्टर, ट्रे, वाळलेली फुलं घातलेल्या किचेन. मुलगी चार महिन्यांची झाल्यावर सगळं सामान परत काढलं आणि पहिल्याच दिवशी फसले. रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर एकत्र केलं की घड्याळ सुरू होतं. साधारण अर्ध्या तासात ते साच्यात गेलंच पाहिजे, नाहीतर कपातच घट्ट होतं. बाळ रडतंय म्हणून त्याला थांब म्हणता येत नाही. ओतल्यानंतरही चोवीस ते बहात्तर तास धूळ न लागता, हात न लागता पडून राहायला हवं. शिवाय कच्चं रेझिन त्वचेला लागलं तर पुरळ उठू शकतं आणि त्याच्या वाफा छातीत जाणं बरं नाही. हातमोजे, मास्क, उघडी खिडकी लागते. वन बीएचकेत रांगतं मूल आणि रेझिन एकत्र नांदू शकत नाहीत. मी पेटी बांधून माळ्यावर टाकली. वाईट वाटलं, पण "वेळ काढून करू" म्हणत ती टेबलावर ठेवली असती तर रोज वाईट वाटलं असतं.

गरम गोंद सोडणाऱ्या ग्लू गनचंही तेच. चांगली तापलेली गन १९० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि प्लग काढल्यावरही बराच वेळ तिचं टोक चटका देतं. टेबलावरून लोंबणारी वायर मुलाला बोलावतेच. कधी भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. वीस मिनिटं फार वाटतात, पण तेवढी हवीतच. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. कातडीला चिकटलेला गोंद ओढून काढायचा नाही. फोड मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर अथवा हाताच्या पंजावर भाजलं असेल तर डॉक्टर गाठायचे.

आता कुठलंही काम घेताना मी एकच प्रश्न विचारते: दारावरची बेल वाजली तर दहा सेकंदांत हे खाली ठेवता येईल का? गोधडीचा धावदोरा ठेवता येतो, सुई कापडात खोचली की झालं. आमच्या आजीची गोधडी दुपारी जेवणं झाल्यावर अंथरली जायची आणि चहाच्या वेळी गुंडाळून कोपऱ्यात उभी व्हायची. तिला कुणी कधी "वेळ कसा काढतेस" विचारलं नाही, कारण ते काम मुळात तुकड्यांतच चालायचं. पोस्टर कलरने कागदावर वारली काढणंही जमतं. कशिदा जमतो, पण सुया मोजून काढायच्या आणि मोजूनच परत ठेवायच्या. माझ्याकडे पाचच सुया आहेत आणि त्या फ्रिजच्या वरच्या अंगाला चिकटवलेल्या चुंबकावर असतात. रात्री चार दिसल्या तर पाचवी सापडेपर्यंत झोपायचं नाही.

दोन सुयांवरचं विणकाम की क्रोशे?

लहान मूल घरात असताना माझं मत सरळ क्रोशेला. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते. सुई ओढली की शंभर टाके एकदम मोकळे. क्रोशेत, म्हणजे एकाच आकड्याच्या सुईच्या विणकामात, एका वेळी एकच फास उघडा असतो, तेवढा सांभाळला की झालं. उठताना सुई काढून तो फास वीतभर लांब ओढून ठेवायचा आणि त्यातून लोकरीचा गुंडा ओवून घ्यायचा. मग कुणी धागा ओढला तरी गाठ बसते, उसवत नाही. हे मला त्या अकरा ओळींनंतर कळलं.

दुसरी तक्रार नेहमीची: चौकोन घेतला होता, त्रिकोण होत चाललाय. मध्येमध्ये उठल्यामुळे ओळीतला शेवटचा टाका सुटतो. खांबांच्या, म्हणजे क्रोशेच्या उंच टाक्यांच्या, ओळीत सुरुवातीच्या तीन साखळ्या हा पहिला खांब धरतात, म्हणजे परतीच्या ओळीतला शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो. तो राहिला की दर ओळीला एक टाका कमी. उपाय सोपा आहे. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवून ठेवा. प्लास्टिकचे मार्कर आणि सेफ्टी पिना नकोत, ते थेट तोंडात जातात.

परदेशी नमुना बघून करत असाल तर आधी तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते ओळखा. अमेरिकन 'सिंगल क्रोशे', म्हणजे आपला मुका खांब, ब्रिटिश नमुन्यात 'डबल' म्हणून येतो. अमेरिकन 'डबल', म्हणजे आपला खांब, तिकडे 'ट्रेबल' होतो. नमुन्यात 'सिंगल' हा शब्द दिसला तर तो अमेरिकन समजायचा. माझी एक पूर्ण संध्याकाळ यात गेली आहे, आणि अशा संध्याकाळी महिन्याला दोन-तीनच मिळतात.

लोकर थोडी थोडी आणायची सवय सोडा. लेबलवर शेड नंबरबरोबर लॉट नंबरही असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर. रंग तोच, लॉट वेगळा, तर दुपट्यावर मध्येच पट्टा पडतो. दुकानात दिव्याखाली कळत नाही, घरी खिडकीत धरल्यावर कळतं. मूल कडेवर घेऊन बोहरी आळीत दुसरी चक्कर मारणं किती महागात पडतं हे पुण्याच्या बायकांना वेगळं सांगायला नको. वेगळा लॉट गळ्यात पडलाच तर दोन ओळी जुन्या, दोन नव्या असं मिसळत जा, फरक विरून जातो.

आणि मोठं दुपटं एकसंध विणायला घेऊ नका. चौकोन विणा. पाच इंची छत्तीस चौकोनांचं तीस इंची दुपटं होतं. एक चौकोन वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, म्हणजे संपल्याचं समाधान आठवड्यातून चार-पाच वेळा मिळतं. उसवला तर एकच उसवतो. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत भारतीय बायकांनी मिळून ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशेचं ब्लँकेट जोडलं आणि गिनेसमध्ये विक्रम केला. तेही आपापल्या घरी विणलेले चौकोन एकत्र आणूनच.

"ती झोपल्यावर करू"

सगळ्यात गोड वाटणारी आणि सगळ्यात वाईट चूक. रात्री साडेदहाला बसायचं, साडेबाराला उठायचं, दोनला बाळ उठणार. चार दिवसांत चिडचिड सुरू, आणि दोष जातो छंदाच्या माथी. कामही बिघडतं. दमलेल्या हाताचा टाका घट्ट येतो, दुपारचा सैल. एकाच दुपट्याच्या दोन कडा दोन मापांच्या.

मनगट तर वेगळंच प्रकरण आहे. बाळंतपणानंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येणं फार बायकांना होतं. डॉक्टर त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. बाळाला काखेत अंगठे पसरून उचलत राहिल्याने तिथले स्नायुबंध सुजतात, आणि वर क्रोशे म्हणजे त्याच दुखऱ्या जागेला पुन्हा काम. बाळाला खालून दोन्ही तळव्यांवर घेऊन उचला, जाड मुठीची सुई वापरा, पंधरा मिनिटांनी हात मोकळा करा. पंधरा दिवसांत उतार नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तेल चोळत बसू नका.

रात्रीऐवजी दिवसाचा एक तुकडा मागून घ्या. मी कितीतरी महिने नुसते उसासे टाकले, आणि घरात ते कुणाला ऐकूच आले नाहीत. शेवटी एकदा सासूबाईंना म्हटलं, "आई, साडेचार ते पाच हिला खाली बागेत घेऊन जाल का?" त्या म्हणाल्या, "अगं, मग आधी बोलायचंस ना! मला वाटलं तुला आवडणार नाही." त्या अर्ध्या तासात कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, हे मात्र स्वतःला रोज बजावावं लागतं.

बोरन्हाणाचे दागिने

पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घरीच करायचे हा हट्ट मी समजू शकते, मीही केला. पण हलवासुद्धा घरीच करायचा? मंद आचेवर साखरेचा पाक थेंब थेंब सोडत, हाताने हलवत तासन्‌तास बसल्यावर त्याला काटा येतो. कडेवर बाळ असताना हे काम नाही. काटेरी हलवा विकत आणा, दागिने आपण करा.

दाणा सुईने टोचायचा नाही, फुटतो. दुहेरी दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ मारायची, काट्यामुळे तो घट्ट बसतो. मुकुट, बाजूबंद यांना पुठ्ठा आणि जरीची किनार आधी करून ठेवा, ते महिनाभर आधी झालं तरी चालतं. हलवा मात्र शेवटच्या आठवड्यात लावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो चिकट होतो आणि मुंग्यांना पत्ता लगेच लागतो, म्हणून दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि मुख्य म्हणजे चौदा-पंधरा जानेवारीचीच घाई कशाला? बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. मी पहिल्याच रविवारची आमंत्रणं देऊन बसले आणि आदल्या रात्री दोन वाजता नवऱ्याला हार ओवायला बसवलं. त्याने केलेला हार बरा होता, हे इथे नाइलाजाने नोंदवते.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर दागिने फोटोपुरतेच ठेवा. कडक दाणा सुटून घशात जाऊ शकतो. डोक्यावरून ओतायची बोरं, शेंगा, गोळ्या यांचंही तसंच, खाली पडलेलं मोठ्या मुलांना वेचू द्या आणि बाळाला उचलून घ्या. तीन वर्षांपर्यंत साधी कसोटी म्हणजे टॉयलेट पेपरच्या रोलच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आत जातं ते मुलाच्या हाताशी नको. बटणं, मणी, टिकल्या, सगळं त्यात आलं. बाळासाठी विणलेले मोजे घालण्याआधी उलटे करून बघा. आत सुटा धागा असेल तर तो बोटाला गुंडाळून बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कळतही नाही.

पहिलं कौतुक, लगेच ऑर्डर

एका मैत्रिणीने दुपटं पाहिलं आणि तिच्या नणंदेसाठी सांगितलं. लोकर ४५० रुपयांची, मी संकोचून ९०० सांगितले. चौकोन पंधरा तास, जोडणं आणि कड पाच तास. ताशी साडेबावीस रुपये. वर "एवढ्यात दुकानात दोन येतात" हे ऐकलं ते वेगळंच. विकायचं असेल तर तास लिहून ठेवा, मगच भाव सांगा, आणि मुलाच्या दुखण्याचा एक आठवडा तारखेत आधीच धरा. विकायचं नसेल तर "मी ऑर्डर घेत नाही" एवढं म्हणायला शिका. ते जमायला मला वर्ष लागलं.

अजून एक. आवडतं काम समोर असूनही दोन-दोन आठवडे हात लावावासा वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तो आळस समजू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. डॉक्टरांशी बोला. सरकारची मानसिक आरोग्याची टेली-मानस फोन सेवा १४४१६ वर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि शेवटी मापाची गोष्ट. बाळासाठी काहीही विणायला घेताना दोन मापं पुढचं घ्या. आपला वेग आपल्याला वाटतो त्याच्या निम्मा असतो आणि मुलं थांबत नाहीत. तीन महिन्यांच्या बाळाच्या मापाने सुरू केलेला माझा पिवळा स्वेटर ती अकरा महिन्यांची झाल्यावर पुरा झाला. सध्या तो तिच्या बाहुलीच्या अंगात आहे, आणि तिलाही दंडात घट्टच होतो.