मांजराचे पिल्लू बोका आहे की भाटी, हे कसे ओळखावे

मांजराचे पिल्लू नर आहे की मादी, हे चेहरा, आवाज किंवा दांडगाई यांवरून ठरवण्याची पद्धत घरोघरी असली, तरी तो केवळ अंदाज असतो. रुंद डोके आणि फुगीर गाल ही खूण वयात आलेल्या, नसबंदी न झालेल्या बोक्याची आहे. पिल्लात ती शोधून काही हाती लागत नाही. स्तनाग्रेही नर व मादी दोघांना असतात. खात्रीने पाहण्याची जागा शेपटीखालीच आहे.

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब नीट राखता येत नाही, शिवाय आई जवळ असल्यास ती अस्वस्थ होते, म्हणून तेव्हा तपासणीची घाई करू नये. करावीच लागली तर ती क्षणभरात उरकावी. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लात फरक बराच स्पष्ट दिसतो.

हात कोमट करून, मांडीवर मऊ टॉवेल पसरून पिल्लाला आपल्याकडे पाठ करून उभे करावे. उजेड भरपूर हवा. खिडकीपाशी बसणे उत्तम. पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत हात फिरवला की बहुतेक पिल्ले आपणहून शेपटी वर करतात. तसे न झाल्यास ती बुडाशी दोन बोटांनी हलकेच उचलावी, पण ओढू नये, कारण तिथल्या नसांना इजा होऊ शकते. जागा मळलेली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावी आणि लांब केसांच्या पिल्लाचे केस बाजूला सारावेत. पिल्लू ओरडू लागले तर सोडून द्यावे; दूध पिऊन सुस्तावल्यावर ते अधिक शांतपणे पाहू देते.

शेपटीच्या लगेच खाली गुदद्वार असते आणि त्याच्या खाली जननेंद्रियाचे द्वार. नरामध्ये हे दुसरे द्वार लहान व गोल असते आणि दोहोंमध्ये ठळक मोकळी जागा असते, त्यामुळे एकूण आकृती विसर्गासारखी दिसते. मादीमध्ये खालचे द्वार म्हणजे एक उभी फट असते आणि ती गुदद्वाराच्या अगदी जवळ असते. नवख्या माणसाने आकारापेक्षा अंतरावर अधिक विश्वास ठेवावा, कारण इतक्या लहान अवयवात गोल आणि उभे यांतला भेद सहज हुकतो. एकाच विणीतली दोन-तीन पिल्ले शेजारी धरून पाहिली, तर हे अंतर चटकन लक्षात येते. एकच पिल्लू असेल तर स्पष्ट छायाचित्र काढून मोठे करून पाहावे.

नराच्या या मोकळ्या जागेतच अंडकोश असतो. सुरुवातीला वृषण इतके बारीक असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत. दोन महिन्यांच्या सुमारास बोटाला दोन छोट्या, टणक गोळ्या जाणवू लागतात. त्या चाचपताना दाब देऊ नये, आणि त्या हाताला लागल्या नाहीत एवढ्यावरून पिल्लाला भाटी ठरवू नये.

रंगाचा आधार मात्र अगदीच टाकाऊ नाही. नारिंगी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे नारिंगी आणि काळा हे दोन्ही रंग एकत्र दिसायला सामान्यतः दोन एक्स गुणसूत्रे लागतात. म्हणूनच तिरंगी किंवा काळी-नारिंगी चित्रविचित्र मांजर जवळजवळ नेहमी मादी निघते. असा बोका आढळलाच, तर बहुधा त्याच्याकडे एक जादा एक्स गुणसूत्र असते आणि तो सहसा वांझ असतो. निव्वळ नारिंगी मांजरांत बोके जास्त असतात खरे, पण नारिंगी भाट्याही पुष्कळ असतात, त्यामुळे या रंगावरून पैज लावू नये.

एवढे करूनही शंका उरली, तर सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिल्या लसीसाठी पशुवैद्यांकडे जाल तेव्हाच त्यांच्याकडून खात्री करून घ्यावी. ही तपासणी फार लांबवू नये, कारण भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि एकत्र वाढलेली भावंडेही त्याला अपवाद नसतात. लिंग पक्के कळेपर्यंत पिल्लू मादीच आहे असे धरून त्याला घराबाहेर सोडणे टाळावे आणि नसबंदीची वेळ त्याच भेटीत विचारून ठेवावी.