भोगीपासून मागे मोजा: इंदूरच्या परसबागेसाठी हिवाळी सल्ला

नोव्हेंबर लागला की रोपवाटिकेत दिसेल ते उचलून आणायचे आणि त्याचे काय करायचे ते मग स्वयंपाकघरात ठरवायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. यंदा तो उलटा करून पाहा. 13 जानेवारीला भोगी. त्या दिवशी पातेल्यात काय पडायला हवे ते आधी लिहून काढा: मटार, गाजर, वालपापडी, वांगी, ओला हरभरा, वरून तिळाचे कूट. आता प्रत्येकाचे दिवस मागे मोजा. आज वाफ्यात काय टाकायचे आणि काय सरळ चोइथराम मंडईतून आणायचे, ते लगेच कळेल.

मटारला अजून वेळ आहे, पण फार नाही. अर्केलसारख्या लवकर येणाऱ्या जातीची पहिली तोड साधारण दोन महिन्यांत मिळते आणि थंडी वाढली की काही दिवस लांबते. म्हणून बी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाका. रात्रभर भिजवून, दोन ओळींमध्ये एकेक फुटाचे अंतर ठेवून, बोटाच्या दोन पेरांइतके खोल. फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी चुकवू नका. एरवी हात आखडता ठेवलेला बरा. पानांवर पांढरी भुरी दिसली तर विद्राव्य गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात फवारा, तेही सकाळी किंवा ऊन उतरल्यावर.

गाजराचे गणित मात्र चुकले आहे. त्याला तीन महिने लागतात, म्हणजे भोगीचे गाजर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच पेरायला हवे होते. तरीही पेरा. भोगीला मंडईतले खा, रथसप्तमीनंतर घरचे. खरी अडचण आपल्या काळ्या मातीची आहे. ती ओली असताना चिकटते, वाळली की दगड होते, आणि गाजराला सरळ खाली जाऊच देत नाही. मग उपटल्यावर दोन-तीन पायांची गाजरे निघतात. एक फूट उंचीचा वाफा करा, त्यात वाळू आणि जुने, चाळलेले खत सढळ हाताने मिसळा. ताजे शेण अजिबात नको, त्यानेही मुळे फाटतात. हा खटाटोप नको असेल तर मुळा लावा. तो दीड महिन्यात तयार होतो आणि मातीबद्दल इतका चोखंदळ नसतो.

वालपापडी आणि वांगी पावसाळ्यात लावली असतील तरच आता घरची मिळतील. नसतील तर मंडईत बालोर (वालपापडीचे इकडचे नाव) मुबलक असते, उगाच आता वेल लावून बसू नका. ओला हरभराही तसाच: सांवेर-देपालपूरकडे ज्यांनी ऑक्टोबरमध्ये पेरला त्यांना भोगीला घाटे मिळतील. त्यांनी पेरल्यापासून महिनाभराने शेंडे जरूर खुडावेत. फांद्या जास्त फुटतात आणि पाल्याची भाजी घरात येते, पण कळ्या दिसू लागल्या की हात थांबवा. कीटकनाशक फवारलेल्या शेतातला पाला खुडू नका.

मेथी आणि पालक महिनाभरात कापणीला येतात. सगळे बी एकदम न टाकता दहा-दहा दिवसांनी एकेक पट्टा पेरा, नाहीतर एकाच आठवड्यात भारंभार जुड्या होतात आणि शेजाऱ्यांनाही नकोशा वाटतात. धने लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करा, मग पेरा. लसणाच्या पाकळ्या पातीसाठी दोन बोटे अंतरावर, गड्ड्यासाठी चार बोटे.

खताबद्दल थोडे सविस्तर, कारण हा विषय आपल्याच गावचा आहे. 1924 ते 1931 या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल टिकवायची, ढीग अधूनमधून उलटायचा. तीन महिन्यांत खत तयार. घरी गाय नसली तरी मटाराची साले, कोरडा पाला, थोडे विकतचे शेण आणि मूठभर राख पुरते. ओला कचरा वेगळा करण्याची सवय इंदूरकरांना आहेच. त्यातला थोडा गाडीत न टाकता अंगणातच ठेवा. आता रचलेला ढीग फेब्रुवारीत उन्हाळी भाज्यांना उपयोगी पडेल.

डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा 4 अंशांकडे घसरलेला असेल, तर त्या रात्री पिकावर दव गोठण्याची (इकडे त्याला ‘पाला पडणे’ म्हणतात) धास्ती असते. संध्याकाळी हलके पाणी द्या, टोमॅटो-मिरचीवर गोणपाट टाका, सकाळी ऊन आल्यावर काढा. मोठ्या तुकड्याला उत्तर-पश्चिम बांधावर मध्यरात्रीनंतर धूर करतात, त्याचाही उपयोग होतो.

आता चुलीकडे. चाकवत पेरावा लागत नाही, गव्हात आपोआप उगवतो (इकडे बथुआ म्हणतात). तणनाशक मारलेल्या शेतातला मात्र आणू नका. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे शिजवा, चाकवत उकडून घोटा, ताकात बेसन कालवून घाला म्हणजे ताक फुटत नाही, आणि वरून लसणाची खमंग फोडणी. सोबत मक्याची किंवा ज्वारीची भाकरी. भोगीला बाजरीचीच हवी, तीही तीळ लावून. तिळात कॅल्शियम भरपूर असते. पालक-मेथीवर लिंबू पिळा, पालेभाजीतले लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू (वेलीवरचा एक कंद) खाणारे पुष्कळ, घरी करणारे थोडे. हाताला तेल लावून सोला, नाहीतर खाज सुटते. फोडी वाफवा, तळा, वरून जिरावन (इकडचा चटपटा मसाला) आणि लिंबू. सोलताना देठाकडचा तुकडा फेकू नका. राखेत घोळवून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा आणि मे-जूनमध्ये कुंपणाजवळ लावा, म्हणजे वेल चढायला आधार मिळेल.