सीबी रेडिओवर ऐकू येतं, पण आपला आवाज जात नाही?

सीबी म्हणजे गाडीतून दुसऱ्यांशी बोलायचा बिनतारी सेट. तो उघडायची घाई नको. आधी 'पीए/सीबी' बटण बघा. ते पीएवर सरकलं असेल तर आवाज अँटेनाकडे न जाता बाहेरच्या भोंग्याच्या जोडणीकडे वळतो. क्षुल्लक वाटतं, पण भल्याभल्यांना फसवतं.

मग माइक. बटण दाबल्यावर ट्रान्समिटचा दिवा लागतो, पण आवाज तुटक जातो? बटण दाबून धरा आणि प्लगजवळ वायर हलवा. ती बहुतेक तिथेच आतून तुटते. दुसऱ्याचा माइक लावून पाहताना पिनांची जोडणी जुळते का ते तपासा, नुसता प्लग बसला म्हणजे झालं असं नाही. दिवा मंदावत असेल तर फ्यूज आणि बॅटरीच्या वायरी बघा.

खरी गोम मात्र बहुधा अँटेनात असते. रेडिओ आणि अँटेना यांच्या मध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावा. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती परत फिरते, याचा अंदाज तो देतो. 1.5 च्या आत उत्तम, 2 पर्यंत चालेल, 3 च्या वर गेला तर बोलणं थांबवा, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो. चॅनेल 1 आणि 40, म्हणजे पहिलं आणि शेवटचं, दोन्हींवर मोजा. 40 वर जास्त आला तर अँटेना लांब आहे, 1 वर जास्त आला तर आखूड. सगळीकडेच भरमसाट असेल तर कोॲक्स (अँटेनाची केबल) दोन्ही टोकांना सोडवून मल्टिमीटरने मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी एकमेकांना चिकटलेली नाहीत ना, ते पाहा. अँटेनाच्या बुडाशी रंग किंवा गंज असेल तर खरवडून काढा. तिथे गाडीच्या पत्र्याशी पक्का संपर्क हवाच.