तिथीचे वाढदिवस फोनमध्ये कसे बसवले

आमच्याकडे मोठ्यांचे वाढदिवस म्हणजे गोंधळच, शाळेत गुरुजींनी सरसकट १ जून टाकलेला त्यामुळे त्या दिवशी फेसबुकवर निम्म्या गावाला हॅपी बर्थडे! पण आईचा खरा वाढदिवस आषाढ शुद्ध पंचमीला, आणि माझ्या फोनमधलं रिपीट चालतं इंग्रजी तारखेनं, तिथी मात्र दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते आणि २०२६ सारखा अधिक महिना आला की एकदम १९-२० दिवस पुढे. मग रिपीट बंदच केलं. नवीन कालनिर्णय आलं की घरातल्या सगळ्या तिथ्या बघून त्या वर्षापुरत्या तारखा टाकतो, अधिक महिना असेल तर निज, म्हणजे अधिकानंतर येणाऱ्या नेहमीच्या महिन्यातली धरायची. अलार्म आदल्या दिवशी सकाळी, म्हणजे श्रीखंडाचा चक्का आणायला वेळ मिळतो.