सकाळी बुरानो, दुपारी तोर्चेल्लो, संध्याकाळी परत बुरानो: व्हेनिसच्या बेटांचा एक दिवस असा प्लॅन करा

व्हेनिसला चाललंय असं कुणी म्हटलं की माझं एकच सांगणं असतं, शहरातला एक दिवस कमी करा पण लगूनमधल्या (शहराभोवतीच्या उथळ खाऱ्या पाण्यातल्या) बेटांना अख्खा दिवस द्या. अर्धा नाही, अख्खा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन बेटांची रेडीमेड टूर घेतली होती, प्रत्येक बेटावर जेमतेम चाळीस मिनिटं, त्यातली वीस काचेच्या दुकानात गेली, आणि बुरानोला उतरलो तर आमच्यासारख्याच चार बोटी एकदम रिकाम्या झालेल्या, म्हणजे रंगीत घरं कमी आणि माणसांच्या पाठीच जास्त बघितल्या. दुसऱ्या वेळी आपलं आपण गेलो, साध्या पब्लिक बोटीने, आणि तेव्हा कळलं की सगळा खेळ क्रमाचा आहे. गर्दी बुरानोवर साधारण अकरा ते चार असते, म्हणून तेवढा वेळ तिथे थांबायचंच नाही. सकाळी लवकर बुरानो, गर्दीच्या वेळात तोर्चेल्लो, आणि टूरवाले परतले की पुन्हा बुरानो. तोर्चेल्लोहून येताना बहुतेक वेळा बुरानोला बोट बदलावीच लागते, त्यामुळे वाकडी वाटही पडत नाही.

आता तिकिटाचं. व्हेनिसमध्ये बस म्हणजे वापोरेत्तो, पाण्यावरची बोट. एक तिकीट साडेनऊ युरोचं, ७५ मिनिटं चालतं, आणि २४ तासांचा पास २५ युरोचा. जाणं, बुरानो ते तोर्चेल्लो आणि येणं असं धरलं तरी सुट्टी तिकिटं पासपेक्षा महाग पडतात, म्हणून डोळे झाकून पास घ्या (भाव अधूनमधून वाढतात, निघायच्या आधी एकदा चेक करा). वय २९ च्या आत असेल तर रोलिंग व्हेनिस नावाचं कार्ड काढून तीन दिवसांचा पास बराच स्वस्तात मिळतो, पोरं बरोबर असतील तर नक्की विचारा. पास घेतला म्हणजे झालं असं नाही हं, धक्क्यावर चढायच्या आधी मशीनला टेकवायचा, बीप वाजला पाहिजे. खिशात पास आहे पण टेकवला नाही तर तपासनीस दंड लावतो आणि तिथे टुरिस्ट आहोत वगैरे काही चालत नाही.

अजून एक, २०२४ पासून व्हेनिसने एका दिवसासाठी येणाऱ्यांना काही ठराविक तारखांना प्रवेश फी लावलीय. बुरानो, तोर्चेल्लो, मुरानो या बेटांना ती लागू नाही, पण तुम्ही मुख्य शहरात फिरणार असाल तर तुमच्या तारखा यादीत आहेत का बघून ठेवा. शहरात मुक्काम असेल तरी फी माफ असल्याची नोंद ऑनलाईन करावी लागते का तेही तेव्हाच बघा.

बोट पकडायची फोंदामेन्ते नोवे या धक्क्यावरून, हा शहराच्या उत्तरेच्या काठावर आहे, रियाल्तो पुलापासून गल्ल्यागल्ल्यांतून पंधरा-वीस मिनिटं चाललं की येतो, पण व्हेनिसमध्ये मोबाईलचा मॅपसुद्धा चुकतो त्यामुळे हाताशी दहा मिनिटं जास्तीची ठेवा. लाईन नंबर १२. आठच्या आसपासची बोट मिळाली तर उत्तम, बाहेरच्या मोकळ्या जागेत उभं राहायला मिळालं तर आणखी उत्तम. निघाल्या निघाल्या विटांच्या भिंतीआड सरूची उंच झाडं दिसतात ते सान मिकेले, व्हेनिसचं कब्रस्तान, अख्खं बेटच त्यासाठी ठेवलेलं, संगीतकार स्ट्राविन्स्की तिथेच पुरलाय. मग मुरानोचं पांढरं दीपगृह, आणि त्यानंतर मोकळं पाणी. या पाण्याकडे नीट बघा. ते समुद्रासारखं दिसतं पण लगूनच्या बऱ्याच भागात खोली जेमतेम एक-दीड मीटर आहे, म्हणून बोट सरळ रेषेत जात नाही, पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांच्या मधून आखून दिलेल्या वाटेनेच जाते. तीन-तीन खांब डोक्याशी एकत्र बांधलेले असतात, त्यांना ब्रिकोले म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येकावर एक पक्षी बसलेला असतो. मधेच गवताचे सपाट तुकडे दिसतात, भरतीला बुडतात आणि ओहोटीला वर येतात. हिवाळ्यात हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला बर्फाचे डोंगर पण दिसतात. एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा प्रवास, झोपू नका एवढंच.

आणि बुरानोला उतरू नका! एक स्टॉप आधी मात्सोर्बो येतं, तिथे उतरा, सगळे बसलेले असतात आणि तुम्ही एकटेच उतरता. कालव्याच्या कडेने चालत जा, वाटेत भिंतीच्या आत द्राक्षांचा मळा लागतो. दोरोना नावाची पिवळसर सोनेरी द्राक्षं ही इथली जुनी जात, १९६६ च्या महापुरात लगूनमधले मळे खारं पाणी शिरून गेले तेव्हा ती जवळजवळ संपलीच होती, नंतर वाचलेल्या वेलींवरून पुन्हा लावली. मळ्यातून चालता येतं, तिथला बेल टॉवर जुन्या चर्चचा, चर्च गेलं आणि मनोरा उरला. पुढे लांब लाकडी पूल आहे, तो ओलांडला की बुरानो. बोटीच्या धक्क्यावरून येताना आधी दुकानं लागतात, या बाजूने आलात की आधी घरं लागतात, हाच फरक आणि हा फरक खूप मोठा आहे.

सकाळी साडेआठ-नऊचं बुरानो म्हणजे गाव आहे, शो नाही. कुणी दारापुढचं झाडतंय, कुणी बोटीतून भाजीची खोकी उतरवतंय, दोन आज्या कालव्याच्या या काठावरून त्या काठाशी बोलतायत. घराच्या दारांना बाहेरून जाड पट्ट्यापट्ट्यांचे पडदे असतात, दार उघडं आणि पडदा ओढलेला, आत रेडिओ चालू. इथे दोन-अडीच हजाराच्या आसपास लोक खरोखर राहतात, म्हणून हात जोडून सांगते, दारात बसून, पडदा धरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभं राहून फोटो काढू नका. पुलावरून काढा, कालव्याच्या समोरच्या काठावरून काढा, पाण्यातलं प्रतिबिंबही त्यात येतं.

रंगांची गोष्ट सगळेच सांगतात, की धुक्यात कोळ्यांना लांबून आपलं घर ओळखू यावं म्हणून रंगवली. खरी असो नसो, आजचा नियम मात्र पक्का आहे, घराला रंग द्यायचा तर आधी पालिकेकडे अर्ज, आणि त्या घराला कुठले रंग चालतील ते पालिका कळवते, मग रंगारी. त्यामुळेच शेजारशेजारची दोन घरं सहसा एका रंगाची दिसत नाहीत. मुख्य चौकापासून जवळच एका बोळात बेपी नावाच्या माणसाचं घर आहे, गोल, त्रिकोण, चौकोन, सगळे रंग एकाच भिंतीवर. विचारलं तर कुणीही दाखवतं, ते सकाळीच बघून घ्या, नंतर तिथे रांग लागते. त्रे पोन्ती म्हणजे 'तीन पूल' नावाची जागा, तिथून तीन कालव्यांवरची घरं एकदम दिसतात. आणि सान मार्तिनो चर्चचा मनोरा बघा, वाकलाय, डोळ्यांना चटकन जाणवेल इतका वाकलाय. चर्चच्या आत चित्रकार तिएपोलोचं क्रूसावरच्या येशूचं चित्र आहे, फुकट बघायला मिळतं आणि बहुतेक लोक दारावरूनच पुढे जातात.

लेसबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण फसगत इथेच होते. बुरानोची लेस विणकामाच्या टकळ्यांवरची नाही, ती सुईची. कागदावर नक्षी काढायची, तो कागद कापडाच्या घडीवर टाचायचा, नक्षीच्या रेषेवर दोरा बसवायचा आणि मग त्या रेषांच्या मधली जागा सुईने टाका टाका करून भरायची, खाली आधाराला काही न धरता, म्हणून टाक्याचं नावच पुन्तो इन आरिया, हवेतला टाका. शेवटी कापडाला धरून ठेवणारे दोरे कापले की लेस अलगद सुटून हातात येते. पूर्वी एका बाईला एकच टाका, असं करत एक तुकडा सात जणींच्या हातून जायचा. मी एका आजींना मांडीवर उशी घेऊन बसलेलं बघितलं, पंधरा मिनिटं उभी होते, तेवढ्या वेळात पाकळीचा नखाएवढा भाग भरला त्यांनी. हे एकदा बघितलं की पंधरा युरोचा 'हाताने केलेला' टेबलक्लॉथ खरा असूच शकत नाही हे कुणी सांगावं लागत नाही. दुकानांतलं बरंचसं मशीनचं आणि बाहेरून आलेलं असतं. ते घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त मशीनचं म्हणून घ्या. खरी लेस बघायची तर गालुप्पी चौकातलं लेसचं म्युझियम, १८७२ मध्ये जिथे लेसची शाळा निघाली तीच ही जागा. सोमवारी बंद असतं, त्यामुळे शक्यतो सोमवारी बेटांवर जाऊच नका.

साडेदहाच्या सुमारास धक्क्यावर या आणि तोर्चेल्लोची बोट पकडा, पाच-सात मिनिटांचं अंतर. कुठली बोट किती वाजता हे सीझनप्रमाणे बदलतं म्हणून धक्क्यावरच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा, परतीच्या वेळा पण त्यातच असतात. ही बोट अर्धी रिकामी असते. आणि उतरलं की एकदम शांत. एकच विटांची वाट, शेजारी कालवा, दहा मिनिटं चालायचं, मधे कठडे नसलेला सैतानाचा पूल (लहान मुलं असतील तर हात धरा), बाकी शेतं आणि पाखरं. आज इथे राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि एकेकाळी हे व्हेनिसपेक्षा मोठं गाव होतं यावर विश्वास बसत नाही. मुख्य भूमीवरच्या आल्तिनोहून हल्ल्यांना घाबरून लोक इथे आले, वसले, श्रीमंत झाले, मग लगूनचा हा भाग गाळाने भरत गेला, मलेरिया आला, लोक हळूहळू व्हेनिसकडे सरकले आणि जाताना घरांचे दगडसुद्धा बांधकामाला घेऊन गेले. म्हणून इथे पडक्या भिंतीही फारशा दिसत नाहीत.

उरलं ते सांता मारिया आसुंता हे कॅथेड्रल, स्थापना ६३९ ची, आत्ताचं बांधकाम बरंचसं १००८ च्या सुमाराचं. तिकीट काढून आत जाच, आणि घाई करू नका. समोरच्या घुमटात सगळी भिंत सोनेरी आणि त्यावर निळ्या वस्त्रात उभी मेरी, मोठी, सडपातळ, हातात बाळ येशू, खाली बारा प्रेषितांची रांग. आता मागे वळा. दाराच्या वरची अख्खी भिंत शेवटच्या न्यायाच्या (जगाच्या शेवटी मेलेले उठतात आणि देव सगळ्यांचा न्याय करतो, त्याच्या) मोझाइकने भरलीय. वरून खाली वाचत या, गोष्टच आहे ती. देवदूत शिंगं फुंकतायत आणि जंगली श्वापदं आणि समुद्रातले मासे, त्यांनी खाल्लेल्या माणसांचे हात, पाय, डोकी तोंडातून परत काढून देतायत, कारण न्यायाला सगळ्यांना अख्खं उभं राहायचंय! खाली तराजू आहे, आणि सैतान आपल्या बाजूचं पारडं जड करायला बघतायत. अगदी खालच्या कोपऱ्यात कवट्यांच्या डोळ्यांतून साप निघालेत. आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे लोक खरंच बघत बसतात, मला तर ते फार आवडलं. बाहेर गवतात एक दगडी खुर्ची आहे, तिला हूणांचा राजा अत्तिलाची गादी म्हणतात, अत्तिलाचा तिच्याशी काही संबंध नाही पण सगळे बसतात, तुम्हीही बसा.

जेवण. तोर्चेल्लोला हॉटेलं मोजकी आणि महाग, त्यातल्याच एका ठिकाणी १९४८ मध्ये लेखक हेमिंग्वे राहिला होता. आम्ही सकाळीच ब्रेड, चीज, टोमॅटो, फळं घेऊन ठेवलेली आणि कालव्याकाठी बसून खाल्लं, कचरा परत पिशवीत. बुरानोला जेवायचं असेल तर तिथला खास पदार्थ रिझोत्तो दी गो, गो म्हणजे लगूनमधला छोटा मासा, त्याच्या रश्श्यात भात शिजवतात. शाकाहारी लोकांनी नीट लक्ष द्या, ताटात माशाचा तुकडा दिसत नाही म्हणून ते शाकाहारी नाही, 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे' म्हणजे मांस नको मासे नको असं स्पष्ट सांगा. बुसोला ही गोल कड्यासारखी बिस्किटं सगळीकडे मिळतात, अंडं आणि भरपूर लोणी असतं, चहात बुडवून झकास लागतात. खुर्चीवर बसून कॉफी घेतली तर बिल जास्त, काउंटरशी उभं राहून कमी.

मुरानो या दिवसात घालू नका असं माझं मत. १२९१ मध्ये आगीच्या भीतीने व्हेनिसने काचेच्या भट्ट्या तिकडे हलवल्या, तेव्हापासून तिथे काच होतेय, पण भट्टीचं खरं काम सकाळी बघायचं असतं आणि सान दोनातो चर्चची बाराव्या शतकातली मोझाइकची जमीन बघायलाच तास जातो. त्याला दुसरी अर्धी सकाळ द्या.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात बरा. उन्हाळ्यात तोर्चेल्लोला डास चावतात, क्रीम ठेवा. टोपी, पाण्याची बाटली, थोडी सुट्टी नाणी टॉयलेटसाठी.

चारनंतर बुरानोला परत या. ऊन तिरपं झालेलं असतं आणि सकाळी सावलीत होती ती घरं आता उजेडात येतात, त्याच गल्लीतून पुन्हा चालून बघा. परतीच्या बोटीला पाच-सहाच्या दरम्यान लांब रांग असते, त्यात उभं राहण्यापेक्षा एखादी कॉफी घ्या आणि सातनंतरची बोट पकडा. नाहीतर पूल ओलांडून मात्सोर्बोला चालत जा, पण तिथे चढायचं असेल तर बोट भरूनच येते हे लक्षात ठेवा, बसायला जागा हवी असेल तर बुरानोलाच चढा. शेवटच्या बोटीची वेळ सकाळी काढलेल्या बोर्डाच्या फोटोत बघून घ्या.